गल्ली सहा मीटरची, गाडी दोन टनांची: इंदूरमध्ये अवाढव्य गाड्यांना विरोध कसा करायचा?

फूटपट्टी (धागाकर्ता)

आपल्या इंदूरच्या जुन्या भागातल्या गल्ल्या टांग्याच्या आणि सायकलच्या मापाने वसल्या. सीतलामाता बाजार, आडा बाजार, खजुरी बाजार, सराफा सगळीकडे तीच कथा. तिथे आज लोक किती आणि कशा आकाराच्या गाड्या घालतात, याचा साधा हिशेब आधी मांडतो.

समजा गल्ली ओटल्यापासून ओटल्यापर्यंत ६ मीटर आहे. दोन्ही बाजूंना ओट्यापासून २० सेंटीमीटर सोडून एकेक फॉर्च्युनर उभी केली. तिची रुंदी १.८५५ मीटर. दोन गाड्या आणि सोडलेली जागा मिळून ४.११ मीटर गेले, मधे उरले १.८९. त्यातून तशीच तिसरी गाडी काढायची म्हटली तर शिल्लक साडेतीन सेंटीमीटर, आणि यात आरसे धरलेलेच नाहीत. त्याच जागी दोन अल्टो के-१० असत्या (रुंदी १.४९), तर मधे २.६२ मीटर मोकळे राहिले असते. मोठ्या वाहनांना नियमाने कमाल रुंदी २.६ मीटरची मुभा आहे. म्हणजे अल्टोंच्या मधून अग्निशमनचा बंब जेमतेम जाईल. फॉर्च्युनरच्या मधून जाणार नाही.

रोख कुठल्या कंपनीवर नाही, मापावर आहे. दुसरी मोठी गाडी घ्या, स्कॉर्पिओ-एन तर १.९१७ मीटर रुंद आहे.

हे थांबवायला शहरात काय करता येईल, त्याची कृती या धाग्यावर जमवू या. मालकांना शिव्या नकोत, त्यातून एक इंच जागा सुटत नाही. माझी मागणी एकच आहे: रस्त्यावरची जागा सगळ्यांची असेल, तर जो जास्त जागा आणि जास्त वजन आणतो त्याने जास्त भरावं.

सुकाणू

रुंदीइतकंच बॉनेट धोक्याचं आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट ४० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १०२ सेंटीमीटरपेक्षा उंच असलेली गाडी आदळली, तर ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीच्या मानाने माणूस दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण सरळ आहे. ठेंगण्या गाडीचा मार पायावर बसतो आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडीचा मार छातीवर किंवा डोक्यावर बसतो आणि माणूस चाकाखाली जातो.

समोरचा आंधळा पट्टा कुणालाही मोजता येतो. तीन मापं लागतात: चालकाच्या डोळ्याची जमिनीपासून उंची, बॉनेटच्या पुढच्या कडेची उंची, आणि डोळ्यापासून त्या कडेपर्यंतचं आडवं अंतर. डोळा १५० सेंटीमीटरवर, कड ११० वर आणि मधलं अंतर १७० धरा. नजर १७० सेंटीमीटरांत ४० ने खाली येते. म्हणजे ९० सेंटीमीटर उंचीचं पोर (साधारण तीन वर्षांचं) डोळ्यापासून २५५ सेंटीमीटरच्या आत असेल तर दिसतच नाही. त्यातून बॉनेटचे १७० वजा करा: गाडीच्या नाकापासून ८५ सेंटीमीटरपर्यंत ते पोर अख्खं गायब. छोट्या हॅचबॅकमध्ये डोळा १२०, कड ८५, अंतर १५० धरलं तर तेच पोर बॉनेटला टेकून उभं असलं तरी त्याचा माथा दिसतो.

आंदोलनात हे दाखवायचं असेल तर खरं मूल कधीही गाडीपुढे उभं करू नका, गाडी बंद असली तरी. ९० सेंटीमीटरवर कापलेली काठी घ्या, वर लाल फडकं बांधा आणि गाडीच्या नाकापासून दूर सरकवत न्या. आत बसलेल्याने "दिसलं" म्हटलं की तिथे खूण करायची. सीट वरखाली होते, म्हणून मापाआधी ती चालकाच्या नेहमीच्या जागी आहे ना ते बघा, नाहीतर मालक म्हणेल तुम्ही मुद्दाम खाली केली.

आडा_बाजार

@फूटपट्टी, आकडे कागदावर लिहून कुणी वाचत नाही. जमिनीवर काढून दाखवले तर पन्नास माणसं थांबतात. त्याला रांगोळी पुरते.

मोठ्या गाडीची बाह्यरेषा: लांबी ४.८, रुंदी १.८५, परिघ १३.३ मीटर. त्याच्या आत एका कोपऱ्याला चिकटवून मारुती ८०० ची बाह्यरेषा: ३.३४ बाय १.४४. एका घराला किती जागा पुरत होती ते लोकांना आपोआप कळतं. पाच सेंटीमीटर रुंद रेघेला मीटरमागे ७५ ग्रॅमच्या आसपास रांगोळी जाते, म्हणजे मोठ्या चौकटीला किलोभर आणि आतल्या चौकटीला पाऊण किलो. दोन किलो घेऊन जा, थोडी सांडतेच.

चुकतं कुठे, तर रंगात. आपल्या बहुतेक गल्ल्या आता सिमेंटच्या आहेत, त्यावर पांढरी रेघ दिसत नाही आणि फोटोत तर अजिबात नाही. सिमेंटवर गेरू किंवा कोळशाची पूड मिसळून काढा, पांढरी रांगोळी डांबरावरच. चुना वापरू नका. डोळ्यात गेला तर जखम होते, आणि सकाळी त्या गल्लीतून शाळेची पोरं जातात. आधी दोरीने चौकट आखून कोपऱ्यांचे कर्ण मोजून घ्या. दोन्ही कर्ण सारखे (इथे ५.१४ मीटर) आले तरच चौकट काटकोनात आहे. वाकडी चौकट दिसली की बघणारा मापावरच शंका घेतो.

काम झालं की झाडून न्या. हे शहर स्वच्छतेसाठी जिवाचं रान करतं, आंदोलनाने कचरा केला तर लोक आपल्याच विरोधात जातील. त्याच कारणाने वायपरखाली पत्रकं खोचू नका. मालक ते रस्त्यावर फेकतो आणि नगर निगमचं चालान तुमच्या नावाने फाटतं. पत्रक हातात द्या आणि तेही ज्याला हवं त्यालाच.

बंब_क्रमांक_७

+१ रांगोळीला. पण चालती फिरती गोष्ट जास्त परिणाम करते. व्हिएन्नाचे वाहतूक अभियंता हर्मान क्नोफ्लाखर यांनी १९७५ मध्ये गाडीएवढी लाकडी चौकट गळ्यात अडकवून रस्त्यावर चालून दाखवलं होतं. एक माणूस पायी जाताना गाडीएवढी जागा मागायला लागला तर काय होईल, हा त्यातला मुद्दा. आपल्याकडे ती पीव्हीसी पाइपाची होऊ शकते.

सामान: २५ मिलिमीटरचा पाइप, ४ एल्बो, ४ टी. लांबीच्या दोन्ही बाजू प्रत्येकी १.६ चे तीन तुकडे जोडून, आणि आडवे १.८५ चे चार तुकडे (पुढचा, मागचा आणि मधले दोन). बेरीज १७ मीटर होते. पाइप ६ मीटरचा मिळतो, त्यामुळे तीन पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत! पहिल्या दोन पाइपांतून १.६ चे सहा तुकडे निघतात आणि प्रत्येकी १.२ उरतो. तिसऱ्यातून १.८५ चे तीनच निघतात. चौथा आडवा तुकडा कुठूनच निघत नाही. एक ३ मीटरचा पाइप जादा घ्या, किंवा दुकानातच मोजून कापून आणा.

जोड सोल्यूशनने चिकटवू नका, रिक्षातून नेता येणार नाही. नुसते घट्ट बसवून प्रत्येक जोडाला एक स्क्रू मारा. एल्बो आणि टी स्वतःची लांबी वाढवतात, म्हणून जोडून झाल्यावर पुन्हा माप घ्या आणि जास्त आलं तर तुकडा घासून कमी करा. पाच मीटरला पाइप मधे झोळतो, एका माणसाने उचलला तर टोकं जमिनीला लागतात. चार माणसं हवीत, मधल्या दोन आडव्या दांड्यांना झोळीच्या पिशवीसारखे पट्टे बांधून खांद्यावर. वर कापड ताणू नका, वारा धरतो आणि आडवा फिरतो. नुसती रिकामी चौकट जास्त बोलते.

रामबागची_काकू

चौकट घेऊन सराफ्यात रात्री जाऊ नका रे. तिथे खाऊच्या गाड्या लागल्यावर माणसालाच वाट नसते. रविवारी सकाळी राजवाड्यासमोरची मोकळी जागा बरी.

कलम_आणि_पान

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी नीट सांगतो, कारण उत्साहात लोक इथेच घसरतात.

परदेशात काही गट रात्री मोठ्या गाड्यांच्या चाकांतली हवा सोडतात, ब्रिटनमध्ये २०२२ पासून हे चाललं. इथे कुणी तसं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान हा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की ती गाडी रात्री रुग्णाला न्यायला लागली, किंवा कमी हवेवर महामार्गाला गेली, तर जीव जाईल. काचेवर स्टिकर डकवणंही टाळा.

जमावाची पूर्वसूचना पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. इंदूरमध्ये २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चे मनाई आदेश वेळोवेळी लागू असतात (जुनं १४४). तारीख ठरवण्याआधी तो आदेश वाचा. अर्जात किती माणसं, किती वेळ, रस्ता अडवणार नाही, ध्वनिक्षेपक नाही, हे चारही लिहा.

आता आपल्या हाताशी असलेली कलमं. मोठ्या गाड्यांवर हौसेने लावलेल्या बऱ्याच गोष्टी आधीच बेकायदा आहेत, नवा कायदा मागायची गरज नाही:

पुढची लोखंडी बुल गार्ड. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं की हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे. पादचाऱ्याला ती घातक आहेच, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडवते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. काळी फिल्म तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली. काचेतून पुढेमागे किमान ७० आणि बाजूला ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. धोकादायक जागी उभ्या गाडीला कलम १२२.

तक्रार कशी करायची? निगमच्या हद्दीतल्या अतिक्रमणाला ३११ ॲप, फोटोत गल्लीची ओळख पटेल अशी पाटी आली पाहिजे. त्याने काम झालं नाही तर १८१, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन. तिथे तक्रार एल-१ पासून एल-४ पर्यंत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या चार पायऱ्या, चढते. फोन येतो आणि "समाधान झालं का" विचारतात. तिथे घाईत "हो" म्हटलं की तक्रार बंद, पुन्हा पहिल्यापासून. प्रश्न सुटला नसेल तर "नाही, असमाधानी" हेच शब्द वापरा. आणि तक्रार जागेची करा, माणसाची नको. "अमक्या चौकापासून तमक्या मंदिरापर्यंत बंब जात नाही" या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

माळव्याचा_गडी

माफ करा पण मला हे एकतर्फी वाटून राहिलं. घरात आईवडील, दोन पोरं, काका असे सात जण. महूच्या पुढे गावाकडचा रस्ता, पावसाळ्यात खड्डे. छोटी गाडी घेऊन काय पोरांना डिक्कीत बसवू? ज्याने कष्टाने पैसे कमावले त्याने मोठी गाडी घेतली तर त्यात चूक काय?

सुकाणू

@माळव्याचा_गडी, दादा, रास्त प्रश्न आहेत, मापाने उत्तर देतो.

सात जण बसायला दोन टनांची गाडी लागत नाही. अर्टिगा सात आसनी आहे: लांबी ४.४ मीटरच्या आसपास, रुंदी १.७३५, वजन सव्वा टनाच्या आसपास. फॉर्च्युनरचं नुसतं रिकामं वजन दोन टनांच्या घरात आहे आणि आसनं तितकीच. खड्ड्यांना लागतो तो ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची. त्याचा रुंदीशी संबंध नाही. टाटाची पंच ही गाडी चार मीटरपेक्षा कमी लांब आहे, तरी क्लिअरन्स १८५ मिलिमीटरच्या वर. तुमची गरज खरी आहे, आणि ती छोट्या मापात भागते.

आमचा विरोध गरजेला नाही. विक्रेता "रोड प्रेझेन्स" म्हणून जे विकतो, त्याला आहे. त्या शब्दाचा अर्थच समोरच्याने बाजूला व्हावं असा आहे.

हिशोबनीस

गडीदादांचा "कष्टाचे पैसे" हा मुद्दा पुढे नेतो, कारण बहुतेक वेळा ते पैसे अजून कमावलेले नसतात. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के, ७ वर्षं: हप्ता ३२,१७८ रुपये, एकूण भरणा २७ लाख ३ हजारांच्या घरात. सात लाखांवर नुसतं व्याज. विम्याच्या तक्त्याप्रमाणे गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांनंतर १५, दुसऱ्या वर्षात २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे पाच वर्षांनी हातात दहा लाखांची वस्तू, दोन वर्षांचे हप्ते बाकी. आणि नेमकं तेव्हाच "एक्स्चेंज ऑफर"चा फोन येतो. जुनं कर्ज नव्यात मिसळतं आणि मुदत पुन्हा सात वर्षं. या चक्रात माणूस हप्त्याच्या आकड्याने गाडी निवडतो, एकूण आकड्याने नाही. घरात बोलताना हप्ता बाजूला ठेवा, एकूण भरणा वहीत लिहा. सहा लाखांच्या कर्जाचा त्याच अटींवर हप्ता ९,६५३ येतो. फरक २२,५२५ रुपये महिन्याला. हा पोराच्या शिक्षणाचा पैसा आहे हो.

सरकारचा संदेशही उलटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर आले. आधी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासकट ५० टक्के होते, ते ४० झाले. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना १८ मिळाले, हे चांगलंच. पण इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के, मग ती साडेसातशे किलोची असो की अडीच टनांची. वजनाचा विचार तिथे नाहीच.

फूटपट्टी

आणि २२ सप्टेंबर हा जागतिक कारमुक्त दिवस! इंदूरने २०२३ मध्ये त्याच दिवशी "नो कार डे" पाळला होता. आवाहन सगळ्या गाड्यांना सारखं होतं, दिवस एकच होता. यंदा त्याच तारखेला चौकट घेऊन चालावं असं मनात आहे.

एक पत्रकासाठी विचारतो. जड गाडीने रस्ता वजनाच्या चौथ्या घाताने झिजतो असं वाचलं. ८०० किलो विरुद्ध २००० किलो म्हणजे अडीच पट, त्याचा चौथा घात ३९ पट. हे घालू का?

बंब_क्रमांक_७

नका घालू. तो नियम १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये झालेल्या रस्ता चाचणीतून आला आणि तो आसाच्या (ॲक्सलच्या) भाराबद्दल आहे. गणित बरोबर आहे, पण शहर बसच्या मागच्या आसावर आठ-दहा टन असतात. त्यापुढे फॉर्च्युनरचा एक टनाचा आस हजारो पटींनी नगण्य ठरतो. एखादा अभियंता हे दोन मिनिटांत दाखवेल आणि उरलेलं पत्रकही खोटं ठरेल. शिवाय बोट बसकडे वळेल. बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, साडेअकरा किलोमीटरची मार्गिका आधीच काढायला घेतली, आता बसविरुद्ध आणखी एक मुद्दा आपल्या हाताने द्यायचा नाही. जागा, बॉनेट, आणि टायरची झीज एवढंच ठेवा. वजन वाढलं की टायरची भुकटी जास्त पडते, युरोपने यूरो-७ या वाहन प्रदूषणाच्या नियमांत टायर आणि ब्रेकचे कण म्हणूनच घेतले.

कलम_आणि_पान

मागणीचा मसुदा करताना एक अडचण लक्षात घ्या. पार्किंगचं शुल्क क्षेत्रफळावर मागितलं तर तर्काने बरोबर आहे: अल्टो ५.२६ चौरस मीटर, फॉर्च्युनर ८.८९, म्हणजे १० रुपयांना १७. पण पार्किंगवाला पोरगा टेप घेऊन मोजणार नाही आणि रोज भांडणं होतील. वजन मात्र आरसीवर छापलेलं असतं, "अनलेडन वेट" (रिकाम्या गाडीचं वजन) या रकान्यात. म्हणून टप्पे वजनाचे मागा: १००० किलोपर्यंत मूळ दर, १५०० पर्यंत दीडपट, त्यापुढे तिप्पट. पॅरिसने असंच केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान झालं, ऑक्टोबरपासून १.६ टनांवरच्या बाहेरच्या गाड्यांना मध्यभागात तासाला ६ ऐवजी १८ युरो. इलेक्ट्रिकला बॅटरीमुळे सूट देऊन मर्यादा २ टन. तिथे मतदानाला सहा टक्केही लोक आले नव्हते, म्हणून विरोधकांनी त्यावर बोट ठेवलं. आपण सह्या वॉर्डनिहाय घ्या, पत्त्यासकट. ८५ वॉर्डांपैकी जुन्या शहरातले पाच-सहा नीट भरले तरी नगरसेवकाला टाळता येत नाही.

जपानचं उदाहरणही जोडा. तिथे गाडी घेताना ती ठेवायची जागा असल्याचा दाखला लागतो, आणि १.४८ मीटर रुंदीपर्यंतच्या छोट्या गाड्यांना करात सवलत आहे.

माहिती अधिकारात १० रुपये लावून तीनच गोष्टी विचारा: जुन्या शहरातल्या सशुल्क पार्किंगचे सध्याचे दर, प्रत्येक ठेकेदाराला दिलेली जागा चौरस मीटरमध्ये, आणि बंब पोचू न शकणाऱ्या रस्त्यांची यादी असल्यास तिची प्रत. "असं का केलं" असे प्रश्न विचारू नका, ते "माहिती या व्याख्येत बसत नाही" म्हणून परत येतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

माळव्याचा_गडी

वजनाचा टप्पा मला मान्य आहे. गावाकडची गाडी गावाकडे फिरेल, बाजारात आणली तर तिप्पट भरेन. हे न्यायाचं वाटतं. सही कुठे करायची?

रामबागची_काकू

गडीदादा, आधी मापाला या, सही तिथेच होईल. इमारतींच्या सोसायट्याही यात घ्या. पार्किंगचे पट्टे अडीच बाय पाच मीटरचे आखलेले असतात. १.९ रुंद गाडी मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटीमीटर, दार उघडून म्हातारं माणूस उतरू शकत नाही. ठराव "मोठ्या गाड्यांना बंदी" असा आणला तर सभाच मोडते. "आरशांसकट पट्ट्यात मावेल तीच गाडी" असा आणा, तो सगळ्यांना लागू आहे.

आडा_बाजार

मापाच्या दिवसासाठी: ३० मीटरची फायबर टेप आणा. स्टीलची गाडीखाली आली की मोडते आणि विजेच्या खांबाजवळ नको. गल्ली तीन ठिकाणी मोजा, तोंडाशी, मधे आणि सर्वांत अरुंद जागी. ओटल्याच्या पायरीपासून मोजायचं, भिंतीपासून नाही, कारण चाक पायरीपाशी अडतं. सकाळी सहाला एकदा आणि रात्री दहाला पुन्हा. दुकानं उघडी असताना माल बाहेर असतो, ते माप वेगळ्या रकान्यात. नोंदवहीत गल्लीचं नाव, तीन रुंद्या, उभ्या गाड्यांची संख्या, मधला सर्वांत कमी मोकळा पट्टा एवढंच. गाडीचा नंबर लिहायचा नाही.

फूटपट्टी

टेप आणि वही माझ्याकडे. पहिली गल्ली सीतलामाता बाजाराच्या मागची घेऊ. काकू, तुमच्या ओळीतल्या दुकानदारांना आदल्या दिवशी सांगून ठेवाल का, म्हणजे पायरीवरचा माल सहाला तरी आत असेल?